जोगदंडांचा कोयता

विशाखा जोगदंडकडून हरलेल्या मुली नंतर एकच गोष्ट विचारायच्या. कोणी कपडे बदलायच्या खोलीत, कोणी फोनवर, एकीने तर फोटोसाठी गळ्यात हात टाकून उभी असतानाच विचारलं: तो डावा ठोसा कुठून मारतेस? येताना दिसतच नाही. विशाखा हसून वेळ मारून न्यायची. ती उजव्या हाताची होती. डावा हात ती नुसता अंतर जोखायला पुढे धरायची, आणि त्या डाव्यात जीव नाही म्हणून तिचे प्रशिक्षक बद्रीनाथ सर रोज तिच्या नावाने खडे फोडत.

अंबाजोगाईच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. पाहिल्याशिवाय मान्य करायचं नाही, ही तेव्हाची सवय. व्यावसायिक बॉक्सिंगचा राष्ट्रीय किताब तिने जिंकला, त्या लढतीचं चित्रण ती अगदी सावकाश, थांबवत थांबवत बघत बसली. समोरचीचा गाल आत दबत होता, मान वळत होती, केसांतला घाम उडत होता. आणि नेमक्या त्याच क्षणी विशाखाचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या हनुवटीशी होते. कॅमेऱ्याची चूक असेल म्हणून तिने दुसऱ्या बाजूचं चित्रण मागवलं. त्यातही तेच.

मग तिने ते बघणं सोडून दिलं, कारण तो हात कुणाचा हे तिला ठाऊक होतं. तिची थोरली बहीण खेमा डावखुरी होती.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक नवराबायको: एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. जोडीतलं एक गेलं की उरतो अर्धा कोयता. अर्धा मोकळा ठेवायचा नाही, दुसऱ्या अर्ध्याला जोडून द्यायचा, ही टोळीची रीत. बाप बन्सी गेला, आई दगडाबाईची कंबर गेली, तेव्हा घाटनांदूरच्या धोंडीराम मुकादमाने दोघी बहिणींचा मिळून एक कोयता धरला. खेमा तोडायची, विशाखा बांधायची. कृष्णाकाठच्या एका फडात खेमाला साप चावला. दवाखाना लांब होता. तिला तिथेच, नदीच्या काठाला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धोंडीरामने कोयते पुकारले. सगळ्यांना वाटलं, आता अर्धा म्हणणार, आणि ही नववीतली पोर कुणातरी एकट्या बाप्याला जोडली जाणार. धोंडीराम क्षणभर थांबला आणि म्हणाला, "जोगदंडांचा एक कोयता." त्या हंगामात विशाखाची पात, म्हणजे तिच्या वाट्याचा उसाचा पट्टा, कधी मागे पडली नाही. सोबतच्या बाया तिच्याकडे टक लावून बघत आणि काही न विचारता मोळी डोक्यावर घेत. विशाखानेही कधी मागे वळून पाहिलं नाही. डाव्या हाताला, पातीच्या पलीकडे, पाचट सरकल्याचा आवाज यायचा, एवढं तिला पुरेसं होतं.

पुण्याच्या लढतीत ते पुरेसं राहिलं नाही. समोरची मुलगी डळमळली, विशाखाने हात खाली घेतले, रेफरी मध्ये आला. आणि त्यानंतर आणखी एक डावा बसला. उसाच्या बुडख्यावर कोयता बसावा तसा तो आवाज तिने ऐकला. ती मुलगी कित्येक दिवस दवाखान्यात बेशुद्ध होती. वाचली, पण एका डोळ्याने तिला धड दिसत नाही. आधीच्या माराचा परिणाम, असं सगळे म्हणाले. खेमा पातीचं टोक आल्याशिवाय थांबत नसे, हे सांगणार कुणाला?

आता पुन्हा किताब पणाला लागला होता आणि तोही घरच्या मातीत. त्या वर्षी पावसाने डोळे वटारले होते. ऊसच नव्हता, सहकारी कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही आणि साखरेचं गोदाम मोकळं पडलं होतं. चेअरमन माणिकरावांनी तिथेच रिंग उभारायचं ठरवलं. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. किताबाचा पट्टा बीडमध्येच राहणार, असं ते सभेत सांगत सुटले. समोर होती चंद्रपूरची मंजुळा पेंदाम. विशाखापेक्षा पुष्कळ लहान, पहिल्यांदाच किताबासाठी उतरणारी, हाडाने बारीक. तिचा फोटो पाहिला आणि विशाखाला जेवण जाईना. पट्टा तिला हवा होता. पण ही पोर पुण्यातल्या मुलीसारखी पडायला नको होती.

तिने आईला सांगितलं की धोंडीमामाने पुकारलेला तो कोयता त्याच्याकडूनच मोडून घेणार आहे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून दगडाबाई ज्वारी पाखडत होती.

"आपण बुद्धाच्या घरची माणसं. भूतबित आपल्यात न्हाई."

"मी कुठं भूत म्हणते? मी खेमा म्हणते."

सूप थांबलं. दगडाबाई म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे तिला. कावून हाकलतीस? तुझ्या आंगाला लागून तरी हाय ती."

विशाखा तरीही गेली. धोंडीराम आता चारा छावणीवर राखणीला होता. कडब्याच्या पेंढ्यांवर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला नाही.

"मी खोटं बोललतो त्या दिशी," तो म्हणाला. "तुला कुणाच्या पदरात टाकायचं जिवावर आलतं. पर एकदा पुकारलं ते पुकारलं. ती बी तेच धरून बसली आसंल."

"आता मोडा, मामा."

तो उठला. पहाटे टोळीला हाक मारायचा तसा तोंडाशी हात धरून त्याने पुकारलं, "जोगदंडांचा कोयता मोडला! अर्धा सुट्टा हाय. ज्याचा कुणाचा अर्धा आसंल त्यानं जोडून घ्या!"

दावणीच्या सगळ्या जनावरांनी एकदम माना वर केल्या. एकही जनावर धोंडीरामकडे बघत नव्हतं. सगळी रिकाम्या रस्त्याकडे बघत होती आणि माना हळूहळू वळत होत्या, कुणी चालत जात असावं तशा.

लढतीच्या संध्याकाळी गोदामात मळीचा शिळा वास होता, पण एक मुंगी दिसत नव्हती. दगडाबाई पहिल्या रांगेत बसली होती. पहिल्या फेरीत विशाखाला आपली डावी बाजू उघडी पडल्यासारखी वाटली. जन्मात पहिल्यांदा ती एकटी लढत होती. अंग हलकं होतं. उजवा नीट बसत होता. मंजुळा भेदरलेली, पण पाय पक्के. दुसरी फेरीही तशीच गेली.

तिसरीत मंजुळाचे दोन्ही ग्लोव्हज तिच्या स्वतःच्या हनुवटीशी असताना विशाखाच्या उजव्या गालावर ठोसा बसला.

दिवे गोल फिरले. मंजुळा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती. फेरी संपली आणि बद्रीनाथ सर कोपऱ्यात विशाखाच्या मानेवर पाणी ओतत चिडले, "डावा येतोय की सरळ. बघत का न्हाईस?"

"सर, हात तिच्या तोंडाशी होते."

सरांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. विशाखाने समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आयोजकांनी दिलेला मदतनीस सोडला, तर एवढ्या गर्दीत मंजुळाचं म्हणावं असं कुणी नव्हतं. धोंडीरामची पुकार तिला आत्ता पुरती कळली. त्याने सवयीने रीत पुरी केली होती. सुटलेला अर्धा घरी जात नाही, एकट्या माणसाला जाऊन मिळतो.

त्यानंतर प्रत्येक फेरीत तो डावा येत राहिला. फडात खेमाला हाक मारायची ती साधीच होती: पात धर. एवढं म्हटलं की ती परत येईल, अशी विशाखाची खात्री होती. ती डाव्या अंगाला उभी राहील, पट्टा बीडमध्ये राहील, आणि मंजुळा खाली पडेल. आठव्या फेरीत शब्द ओठांशी आले. तिने माउथगार्डवर दात रोवले आणि दुखरा गाल हाताआड घेतला.

पंचांनी निकाल मंजुळाच्या बाजूने दिला. माणिकरावांनी पडेल चेहऱ्याने पट्टा तिच्या खांद्यावर टाकला. मंजुळा सरळ विशाखाकडे आली.

"ताई, तो डावा मी नाही मारला."

"ठाऊक हाय."

"माझ्या बाजूला कोणीतरी आहे."

"माझी बहीण हाय. खेमा. थांब म्हणलं तर थांबत न्हाई ती. दमले म्हणायचं. मंग कोयता खाली ठेवती." विशाखाला सुजलेल्या तोंडाने धड बोलता येत नव्हतं. "मी कधी म्हणलेच न्हाई. मला जिंकायचं आसायचं."

मंजुळाने मान वळवून आपल्या डाव्या बाजूला पाहिलं. मग ती म्हणाली, "दमले."

गोदामाच्या मोकळ्या टोकाला, जिथे कोणीही नव्हतं, फरशीवर लोखंड ठेवल्याचा आवाज झाला. लोकांनी माना वळवल्या. पहिल्या रांगेतून दगडाबाई उठली आणि कंबर धरत त्या टोकाकडे चालू लागली.