खंडेनवमीला पूजलेलं टेबल

मित्रांनो, निफाडच्या एका द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये माझा जन्म झाला. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते टेबल' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण 'मी आलं, मी गेलं' असं म्हणायला माझ्या फळ्या वळत नाहीत, म्हणून मी आपला आलो आणि गेलो म्हणणार. तुमच्या बाईंनी त्यावर लाल शाई फिरवली तर फिरवू द्या. माझ्या अंगावर त्याहून मोठे डाग आहेत.

माझे पाय निलगिरीचे आणि फळ्या आंब्याच्या. सुताराने मला उभ्याने काम करणाऱ्या बायकांच्या मापाचं केलं होतं. हंगामात त्या माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या आणि घडातले बारके, तडकलेले मणी कात्रीने काढून टाकायच्या. हंगाम सरला की माझ्यावर रिकामे क्रेट चढायचे. पुढे शेडमध्ये स्टीलची टेबलं आली आणि मला मागच्या भिंतीला लावून ठेवलं. तिथे बरीच वर्षं गेली. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

तिथून मला कुंदनने उचललं. नाशिकजवळ मखमलाबादला त्याच्या घरच्यांचा मळा आहे. त्याचे वडील गोटीराम आणि आई भागुबाई झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर लावतात. कुंदन पिकअप चालवतो आणि फुलं गणेशवाडीच्या बाजारात नेतो. मला त्याने बायकोसाठी आणलं होतं. तिचं नाव मंजुषा.

मंजुषाचं काम मला आधी कळलंच नाही. पुण्याची एक कंपनी व्हिडिओ बनवायची. बाळाला ताप आला तर काय करावं, बाळंतिणीने काय खावं, असे. त्यात माणूस बोलतो तेव्हा पडद्याच्या तळाशी शब्द उमटतात ना, ते मंजुषा लिहायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ते वाचता यायचे. मी येण्याआधी ती हे सगळं पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन करायची आणि मग मान धरून बसायची.

मी बसून काम करायला उंच होतो, म्हणून कुंदनने करवत घेऊन माझे पाय कापले. दुखलं का? नाही. भुसा पडला, एवढंच. एक पाय जरा जास्तच कापला गेला, तेव्हा त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मंजुषाने मला खिडकीच्या कडेला असं लावलं की उजेड बाजूने यावा, पडद्यावर पडू नये. लॅपटॉप डोळ्यांसमोर यावा म्हणून तो एका उपड्या क्रेटवर ठेवला आणि टायपायला वेगळा कीबोर्ड घेतला. वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांनी बसवली. मागे धान्याची पोती होती, ती व्हिडिओ कॉलवर दिसू नयेत म्हणून दोरीवर जुनी निळी साडी टांगली. घरबसल्या कामाची जागा कशी असावी, हे तिने शोधून शोधून वाचलं होतं. त्यात उजेड, पाठ, मान, वायर सगळं होतं. घरातल्या माणसांचं काय करायचं, ते बहुतेक लिहिलेलं नव्हतं.

कारण मित्रांनो, घरात सपाट जागा दिसली की माणसाच्या हातातलं ओझं आपोआप तिथे उतरतं. माझ्यावर मेथीच्या जुड्या आल्या. इस्त्रीचे कपडे आले. गोटीरामांचा चष्मा, औषधाची बाटली, एकदा तर फवारणीच्या पंपाचं झाकणही आलं. मंजुषा कानाला हेडफोन लावून बसलेली असली तरी भागुबाई दारातून म्हणायच्या, "मंजे, दुधाकडं बघ गं जरा. घरीच हायस ना."

'घरीच हायस ना' हे तीन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की मला वाटलं, तेच तिचं आडनाव असावं. गॅसवाला येणार आहे, थांब, घरीच हायस ना. पावणे येणार हायेत, घरीच हायस ना. आधी ती समजावून सांगायची. मग वैतागायची. मग एक दिवस ती काहीच बोलली नाही, जुड्या उचलल्या, खाली ठेवल्या आणि पुन्हा टाइप करू लागली. त्यानंतर रोज तसंच. तिचं ते गप्प होणं मला अजिबात आवडलं नाही. भांडणाऱ्या माणसाला निदान काही तरी हवं असतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी पुण्याहून दिशा मॅडमचा फोन आला. कंपनीचं काम त्याच वाटून द्यायच्या. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"मंजुषा, हा व्हिडिओंचा मोठा संच आहे. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर सगळीकडे लागणार. नवमीच्या संध्याकाळपर्यंत तू दिलास, की पुढचं वर्षभराचं काम तुझ्याकडेच. मी वरती तसं बोलून ठेवलंय."

त्या दिवशी मंजुषाने जेवताना सगळ्यांना सांगितलं, की नवमीला संध्याकाळपर्यंत मला काम आहे, तेवढा एक दिवस मला हाक मारू नका. गोटीरामांनी मान हलवली. भागुबाई म्हणाल्या, "व्हय, व्हय." मला बरं वाटलं. नवमीच्या आदल्या रात्रीपर्यंत काम जवळजवळ झालंच होतं, शेवटचे थोडे व्हिडिओ राहिले होते.

नवमी उजाडली. तिलाच खंडेनवमी म्हणतात, त्या दिवशी घरातली अवजारं पूजतात. मंजुषा गच्चीवर धुणं वाळत घालायला गेली होती. भागुबाई न्हाऊन आल्या. अंगणात पाटावर विळे, कोयता, फावडं, फवारणीचा पंप आणि फुलं तोलायचा काटा मांडून झाला होता. मग त्या आत माझ्याकडे आल्या. त्यांनी माझ्यावरचा सगळा पसारा उचलला आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. लॅपटॉप मिटवून माझ्या मधोमध ठेवला, शेजारी हेडफोन, कीबोर्ड नीट मांडला. लॅपटॉपवर हळदकुंकवाची बोटं उमटवली, झेंडूची माळ घातली, समोर नारळ ठेवला, उदबत्ती लावली. माझ्या चारही पायांना कुंकू लावलं. आयुष्यात मला कुणी हात जोडले नव्हते. मी फार खूश झालो, हे लपवून काय करू.

मंजुषा खाली आली आणि दारातच थांबली.

"बघ," भागुबाई म्हणाल्या. "आजपातुर तुझं काम मला काम वाटतच नव्हतं. म्हनलं, यंदा तुझं बी हत्यार मांडावं. तू बी घरातली कमावती हायस."

हे ऐकायला ती किती दिवस थांबली होती, ते मला माहीत होतं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही.

"आई, छान केलंत," ती म्हणाली. "पण मला आज संध्याकाळपर्यंत काम द्यायचंय. सांगितलं होतं ना."

"उद्या शिलंगण झालं की उचल. पूजेचं हत्यार आज हलवत नसत्यात. काम काय, उद्या बी होतं. घरीच तर हायस."

"आई, पण..."

तेवढ्यात अंगणातून गोटीरामांनी हाक मारली. पिकअप भरून उभी होती, दसऱ्याचा झेंडू नवमीलाच विकायचा असतो. भागुबाई बाहेर गेल्या, पाटावरचा काटा कुंकवासकट उचलला आणि गाडीत ठेवला. कुंदन हसत म्हणाला, "आई, हत्यार हलवलंस की."

"माल थांबतो का रे? नासून जाईल समदा," भागुबाई म्हणाल्या.

मंजुषा खिडकीतून हे बघत होती. आता ती बोलेल, असं मला वाटलं. बोल ना गं, एवढंच मी मनात म्हणत राहिलो. पण भांडायला अंगात धग लागते आणि तिची धग कधीच विझली होती. शिवाय जो मान एवढ्या दिवसांनी मिळाला, तोच आपल्या हाताने कसा मोडायचा? ती उदबत्तीची राख पडताना बघत बसली. मग फोन लावला.

"मॅडम, उद्या दुपारपर्यंत चालेल का?"

"मुहूर्त सकाळचा आहे, मंजुषा. आधी तरी बोलायचंस. झालंय तेवढं पाठव, बाकीचं मी दुसरीकडून करून घेते."

"ते लॅपटॉपमध्येच आहे."

"मग राहू दे," असं म्हणून फोन ठेवला गेला.

भागुबाई दारात आल्या होत्या. "काय म्हनल्या?"

"दुसऱ्याला दिलं."

"बरं झालं. सणाची मोकळी झालीस."

मंजुषा हो म्हणाली आणि पुरण वाटायला गेली.

दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली. मंजुषाने लॅपटॉपवरचं कुंकू पुसलं आणि तो कपाटात ठेवला. तिने आणखी दोघा-तिघांकडे काम मागितलं, मग तेही सोडलं. सकाळी ती सगळ्यांबरोबर शेवंती खुडायला जाऊ लागली. दिवाळीनंतर एकदा जुडी ठेवायला भागुबाई माझ्याजवळ आल्या आणि थबकल्या.

"मंजे, तुझं हत्यार बंदच दिसतंय गं?"

"गिऱ्हाईक गेलं, आई."

"कसं काय?"

"नवमीला माल पोचला नाही."

भागुबाई जुडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "आगं मग माल म्हनायचं ना! तू काम, काम म्हनत व्हतीस. माल हाय म्हनली असतीस तर मी पूजा मोडून तुझ्या हातात दिलं असतं. माल कुनी अडिवतं का?"

"हो," मंजुषा म्हणाली. "सुचलं नाही तेव्हा." आणि चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, तेव्हापासून भागुबाई मला रोज पुसतात. कुणी साधा चष्मा ठेवला तरी ओरडतात, "उचला ते, मंजीच्या कामाची जागा हाय." गोटीरामही आता माझ्याजवळून हळू आवाजात बोलत जातात. तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात बसून काम करत असेल, तर त्याला हार घालू नका, हातही जोडू नका. त्याचा माल निघायच्या आत तेवढी जागा सोडा आणि दार लोटून घ्या. माझ्यावर आता काहीच नसतं. माझ्यासमोरची खुर्चीही रिकामी असते.