रमिलाबाईची पुडी

"घरी हिला काही दिलंत का? मुळी, पाला, पुडी?" डॉक्टर सुषमांनी तिसऱ्यांदा विचारलं.

रमिलाबाईने तिसऱ्यांदा तोंड फिरवलं. काचेपलीकडे तिची सून संध्या नळ्यांच्या जंजाळात पडली होती, अंग हळदीसारखं पिवळं. काल निदान बरळत तरी होती. आज हाकेला ओ नव्हती.

औषधाच्या पुडीत काय आहे ते सांगितलं की गुण जातो, असं रमिलाबाईला तिच्या सासूने बजावलं होतं. आता अख्ख्या कोरीट गावात तापावर रमिलाबाईचीच पुडी चाले आणि तिला त्याचा तोरा भारी. खरी गोम वेगळीच होती. नुसत्या मुळीने ताप हटेना, तेव्हा तिने त्यात दुकानातल्या तापाच्या गोळ्या कुटून घालायला सुरुवात केली. काम गोळीचं, नाव मुळीचं! घरातही कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टर आता तिच्या मुलाकडे, ईश्वरकडे वळल्या. "गावातल्या आशाताईंनी हिला दिलेल्या तापाच्या गोळ्या नेमाने घेऊन एवढं होत नाही. त्या फार झाल्या, त्यात पोट उपाशी, तर यकृत बंद पडतं. तसं असेल तर उतारा आहे. पण किती गेल्या ते मला आत्ता कळायला हवं."

रमिलाबाईने मनात हिशेब केला. पाच दिवस, रोज चार पुड्या, वर पथ्य म्हणून नुसतं पाणी. सगळं तिच्याच हातून. बोललं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. न बोललं तर पोर हातची जाईल.

"मी पुडी दिनी," ती म्हणाली. "तिन्हामा त्याच गोळ्या कुटेल शेतस. एक पुडीमा दोन. रोज चार पुड्या, पाच दिन."

डॉक्टर ओरडून उतारा मागवतच आत धावल्या आणि उताऱ्याची बाटली लागली. "उशीर झालाय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन दिवस काही सांगता येणार नाही."

"माय," ईश्वरने हळूच विचारलं, "दुसरं कोनले दिनी?"

तिला त्याच्याकडे बघवेना. "रिनाले. सकायले ताप व्हता तिले. तिले पाजाले शेजारीनले तीन पुड्या दिन्यात."

रिना त्याची चार वर्षांची मुलगी. त्याने शेजारणीला फोन लावला. रमिलाबाईने तो हिसकावून घेतला. पलीकडून शेजारीण म्हणाली, दोन झाल्या, तिसरी कालवतेय.

"फेकी दे!" भरल्या दवाखान्यात रमिलाबाई किंचाळली. "पाजू नको! मन्ही पुडी जहर शे! पोरले लई ये आठे, दवाखान्यामा!"