काटेरी पेशी

पडद्यावर पेशी उमटल्या आणि सभागृहातल्या दोनशे माणसांनी श्वास रोखून धरला. मंचावर बसलेल्या आजारी धाकटीच्या बोटातून आत्ताच काढलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखालून थेट पडद्यावर दिसत होतं. तांबड्या पेशी आक्रसलेल्या, कडेनं काटेरी.

"बघा!" भक्तांना मंतरलेलं प्राणजल देणारे बाबा कळवळले. "औषधांनी केलेली दशा अजून गेली नाही! रुसल्यात बिचाऱ्या. आता त्यांची समजूत काढू या."

धाकटी घोटभर प्राणजल प्यायली. बाबांनी डोळे मिटून काहीबाही पुटपुटलं आणि पाच मिनिटांनी दुसरा थेंब घेतला. यावेळी पेशी छान गोल, टवटवीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्राला पांढरा कोट चढवण्याची बाबांची हातोटी मात्र मानायला हवी.

मागच्या रांगेत धाकटीची थोरली बहीण बसली होती. बावीस वर्षं ती कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत द्रावणं बनवत होती. पाच महिन्यांपूर्वी धाकटीनं रक्ताच्या कर्करोगाचे उपचार अर्ध्यावर सोडून बाबांचं प्राणजल धरलं, तेव्हा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. "मर मग!" असं थोरली बोलून गेली आणि हट्टानं इकडे फिरकलीच नाही. आज आईनं रडून धाडलं, म्हणून आली.

तिचं लक्ष बाबांच्या हातांवर होतं. पहिल्या थेंबावर त्यांनी निळ्या बुचाच्या बाटलीतलं पाणी टाकलं होतं, दुसऱ्यावर पांढऱ्या बुचाच्या. हा घोळ तिच्या ओळखीचा होता. पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी चिठ्ठी न वाचता भलतीच बाटली उचलतात आणि "पेशी बिघडल्या!" म्हणून तिच्याकडे धावत येतात.

ती तडक मंचावर गेली. "बाबा, माझं रक्त बघा."

"ये माई. आधी जल घे."

"जल नको."

तिनं स्वतःच नवी सुई उचलून बोटाला टोचली. दोन काचपट्ट्या, दोन थेंब. एकावर निळ्या बाटलीतलं पाणी, दुसऱ्यावर पांढऱ्या बाटलीतलं. पडद्यावर आधी काटेरी पेशी आल्या, मग गोल.

"मी काहीच प्यायले नाही," ती म्हणाली. "निळ्या बाटलीत कडक मिठाचं पाणी आहे. ते पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून ती आक्रसते. पांढऱ्या बाटलीत रक्ताइतकंच खारं पाणी, त्यात पेशी आहे तशी राहते. आजाऱ्याची असो नाहीतर धडधाकट माणसाची."

"श्रद्धा नसली की असंच होतं!" बाबा गरजले.

"मग तुमचं रक्त द्या. तुमची तरी श्रद्धा असेल ना?"

बाबांनी हात मागे घेतला. लोक खाली मान घालून उठू लागले. धाकटी तेवढी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "तेव्हा आशा होती," ते म्हणाले. "आता त्रास कमी करू शकतो."

बाहेरच्या बाकावर धाकटीनं हळूच विचारलं, "ताई, तुला तर हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. का गं नाही आलीस?"

दोन महिन्यांनी धाकटी गेली.

आता दरवर्षी पहिल्या प्रयोगाला बाटल्या मांडताना थोरली मुलांना सांगते, "कुणी चमत्कार दाखवला तर तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करून बघा. आणि घरातलं माणूस भुललं तर रुसून बसू नका. त्याच दिवशी त्याच्याकडे जा."