जाऊबाईंच्या दारातली कुंडी

माझा बारा वर्षांचा गुलाब थोरल्या जाऊबाईंनी उपटून टाकला. मी बाजारातून परत आले तर दारात फरशी बसत होती.

"मागची पट्टी घे की," त्या म्हणाल्या. "लाव तिथे काय लावायचं ते."

मागची पट्टी म्हणजे भिंतीलगत दोन हात जागा. खाली विटांचे तुकडे, वरून पत्र्याची धग. तिथे गवतसुद्धा धरत नव्हतं.

मी भांडले नाही. शेजारणीने छाटून टाकलेली जाड, रसाळ पानं उचलून आणली. असलं पान तोडल्यावर लगेच मातीत खोचायचं नाही. चार दिवस जखम वाळू द्यायची. ओलं लावलं की सडतं. निम्मी वाळू घातली, पाणी बेतानं दिलं. तीन वर्षांत पट्टी भरली. एका झाडाची पानं तर गुलाबासारखी एकात एक बसलेली.

मग जाऊबाईंच्या मुलाचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे ठरले.

"ते गुलाबासारखं दे गं, दारात ठेवायला. पंधरा दिवस राहिलेत."

"न्या की. पण पाणी घालू नका."

"म्हणजे माझ्या दारात मेलं की तुझं फावलं!"

"खरंच सांगते, थेंबही नको."

खरंच सांगत होते. माझ्या बोलण्यावर चाळीस वर्षांत त्यांचा विश्वास बसला नव्हता. माझी सगळी भिस्त त्यावरच होती. झाड कुंडीत काढून दिलं, कुंडीला 'पाणी नको' अशी चिठ्ठीही बांधली.

"अक्षर बघ, कोंबडीचे पाय!" म्हणत त्यांनी ती काढून फेकली.

रोज दोन वेळा तांब्याभर पाणी. मी खिडकीतून बघायची. पानं टम्म फुगली.

"बघ, कशी टवटवीत!"

मी मान डोलावली.

साहेबांच्या बायकोने कौतुकानं बोट लावलं आणि सगळा लगदा तिच्या चपलेवर आला. वास तर विचारू नका.

"मुद्दाम केलंस तू!"

"चिठ्ठी कुठाय, जाऊबाई?"

झाडाची मी मनातल्या मनात माफी मागितली. त्यांची नाही.

आठवड्याने त्या मागच्या दारी आल्या. "एक पान दे ना."

मी पान तोडून भिंतीवर ठेवलं. "वाळू द्या."

"आणि मग?"

"मग दारातली फरशी उचला. गुलाबाच्या जागी मीच लावते."

त्या तणतणत गेल्या. पान महिनाभर भिंतीवर पडून होतं. मातीवाचूनच त्याला मुळं फुटली. आज सकाळी जाऊबाईंनी धाडलेला गवंडी आला. मी त्याला आधी चहा दिला, मग पहार.