मेसईदला राहिलेली चटई

मी एक जुनी चटई आहे. मित्रांनो, कतारमधल्या मेसईद गावी, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनमागे मी दोन वर्षे उभी होते. वाईट वाटले का म्हणाल, तर खरे सांगते, आता काहीच वाटत नाही.

माझा जन्म दूर सामोआ बेटावरचा. केवड्याच्या जातीच्या पानांच्या अगदी बारीक पट्ट्या काढून एका आजीने मला वर्षभर विणले, काठाला तांबडी पिसे लावली. तिची लेक सीना रत्नागिरीच्या बशीर खलाशाशी लग्न करून निघाली, तेव्हा आजीने मला तिच्या हाती दिले. सीना लवकर वारली. मागे राहिलो आम्ही दोघी, तिची तान्ही मुलगी हजरा आणि मी. सासरच्यांनी माझ्यावर कोकमे वाळवली. पिसे झडून गेली.

१९९८ साली हजरा नवऱ्याबरोबर इथे आली. कासम खताच्या कारखान्यात शिफ्टवर जाई. माझ्यावर पंगती बसल्या, कालवणाचे डाग पडले. शेजारची शैलजा एकदा म्हणाली, "काय बारीक वीण आहे गं!" माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे प्लॅस्टिकची चटई आली.

२००५ साली सीनाच्या बहिणीचा, म्हणजे हजराच्या खालाचा, फोन आला. आजी गेली होती, मयत हजरासाठी थांबवणार होते. आईची माणसे हजराने कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी आपल्याला आपली म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

"ही ने की. तुझ्या आईची आहे," कासम मला बाहेर काढत म्हणाला.

"अहो, गल्फमधून जाणारी बाई असली फाटकी चटई नेते का? लाज जाईल माझी."

तिने दोह्याहून सिंहाचे चित्र असलेले जाड ब्लँकेट आणले आणि ते नेले.

परत आल्यावर ती कासमला वाढता वाढता सांगत होती. आवाज सपाट होता.

"प्रत्येक घराने आपली जुनी चटई आजीपुढे ठेवली. जितकी जुनी, तितका मान मोठा. मी ब्लँकेट ठेवलं. खालाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, सीनाला दिलेली कुठे आहे?"

"मग?"

"टाकून दिली म्हटलं."

"रागावली?"

"नाही. पोटभर जेवू घातलं. पाहुण्यांना घालतात तसं."

कासम हळूच म्हणाला, "आता पाठवू या, इन्शाल्ला."

"कोणापुढे ठेवायला? आजीला माती दिली."

आता मी भिंतीवर आहे. हजरा रोज माझी धूळ झटकते. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू लाजेने लपवू नका. ती कोणी दिली, कशासाठी दिली, ते आधी विचारून घ्या. हजराला विचारायला आई नव्हती. तुम्हाला आहे.