बाहीखालचं बटण

मी पोपटाचा पट्टा बोलतोय. पोपट बोलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पट्ट्याला मात्र कोणी बोलतं करत नाही. केलंच असतं तर मी पहिल्यांदा हेच सांगितलं असतं, की मी जन्माचा भित्रा आहे.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. पुढच्या खोलीत बसून बॅगांचे बंद आणि चेन दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिनं मला शिवलं. तिचे सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणते. खाली पट्टी न धरता एका दमात सरळ रेघ ओढणारा हात म्हणून त्यांचं नाव होतं. बायको गेल्यापासून ते माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलतात आणि बाकीचं सगळं खांद्यावरच्या पोपटाशी. पोपट करडा, शेपटी लालभडक. प्रत्येक गोष्टीत हरकत घेतो म्हणून त्याला वकील म्हणतात.

हा वकील मध्यंतरी स्वतःच्या छातीची पिसं उपटायला लागला. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याला ऊन हवं, मोकळी हवा हवी. मात्र पंख छाटलेत म्हणून गाफील राहू नका, पिसं पुन्हा येतात. आणि कितीही माणसाळलेला पक्षी दचकला की उडतो. म्हणून मी.

माझा एक वेढा वकिलाच्या गळ्याशी, एक पोटाशी, पाठीवर कडी आणि कडीतून निघालेली हातभर दोरी. दोरीच्या टोकाला मनगटाभोवती गुंडाळायची पट्टी आणि तिला एक बटण. पोपट डाव्या हातावर बसायचा म्हणून पट्टी डाव्या मनगटाला, आणि बटण लावायचं उजव्या हातानं.

वकिलानं मला सहजासहजी अंगाला लावून घेतलं नाही. आठ दिवस मी नुसता पिंजऱ्याला लटकत होतो. मग माझ्या वेढ्यातून डोकं घातलं की सूर्यफुलाची बी मिळायला लागली. बी खाऊन झाली की तो मला चावायचा. पुढे दोन आठवडे घरातल्या घरात फिरणं झालं, मग कुठे दार उघडलं.

सून डोळ्यांत तेल घालून सगळं बघायची. शिवण ओढून पाहायची, वेढ्यात बोट सरकवायची, कडी दोनदा हलवायची. मग आधी एकटी बाहेर जाऊन कुत्री आणि घारी आहेत का ते बघून यायची. मनगटाचं बटण तेवढं तिनं सासऱ्यांवर सोडलं होतं. मोठ्या माणसाच्या बाहीत हात कसा घालायचा, म्हणून असेल.

आणि माझी भीती तिथेच होती. थंडी पडली तशी पेंटरकाकांची बोटं मला वेगळी लागायला लागली. पूर्वी बटण एका झटक्यात काजात जायचं. आता अंगठा घसरायचा, दोन बोटं नुसतीच बाजूला उभी राहायची. ते दाराकडे पाठ करून झटापट करायचे. एक दिवस त्यांनी बटण न लावताच पट्टी मनगटावर टाकली आणि वरून बाही ओढली. त्यानंतर रोज तेच. स्वतःचे बटणांचे सदरेही त्यांनी कपाटात टाकले आणि डोक्यातून घालायचे सदरे वापरायला काढले. सुनेला वाटलं, थंडीसाठी.

ओरडून सांगावंसं वाटायचं, पण पट्ट्याला तोंड कुठलं? वकील मात्र ऊन खात खुशाल डुलत असायचा.

त्या सकाळी समोरच्या दुकानाचं शटर धाडकन वर गेलं. वकील उडाला. मला हिसका बसेल म्हणून मी अंग आवळलं, पण हिसका बसलाच नाही. पट्टी मनगटावरून अलगद निघाली आणि मी हवेत होतो.

घरामागच्या झाडाच्या शेंड्याला माझी दोरी अडकली आणि वकील उलटा लोंबकळायला लागला. तो जेवढा फडफडायचा तेवढा मी त्याच्या छातीत रुतायचो. ज्याला सांभाळायला मला शिवलं, त्याचाच श्वास मी कोंडत होतो. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. वर एक घार फिरत होती. खाली पेंटरकाका हात वर करून उभे होते. आणि कायम हुज्जत घालणारा वकील गप्प होता.

सून अनवाणी धावत आली. शेजारच्या वायरमननं शिडी लावली, पण परक्याला वकील चावेल म्हणून तीच चढली. तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं, दोरी सोडवली आणि एकेक पायरी चाचपत खाली आली. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की माझी कडी हलत होती.

पुढचे चार दिवस त्याहून वाईट गेले. बटण उघडं सापडल्यामुळे सुनेला वाटलं, आपणच काज सैल ठेवलं. तिनं ते उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. पेंटरकाका समोर बसून बघत होते आणि ब्र काढत नव्हते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून वकील परत पिसं उपटत होता. पाचव्या दिवशी सून म्हणाली, माझ्या हातून हे व्हायचं नाही, त्याला डॉक्टरीणबाईंकडेच कायमचा देऊन टाकू.

पेंटरकाका उठून मशीनपाशी आले.

"उसवू नकोस," ते म्हणाले. "काज बरोबर होतं. मी बटण लावलंच नव्हतं."

तिनं मान वर केली.

"लावता येत नाही मला. थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू त्याला माझ्या हातात दिलं असतंस?"

"नसतं दिलं," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले, मशीनवरचा सगळा पसारा बाजूला केला आणि म्हणाली, आधी तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ, वकिलाचं नंतर बघू.

आता माझी पट्टी सुनेच्या मनगटाला असते आणि बटण ती स्वतः लावते. वकील पेंटरकाकांच्या हातावर बसतो आणि ती हातभर अंतरावरून बरोबर चालते. तो अजून दारापर्यंत आला की मागे सरतो. काल उंबऱ्यापर्यंत गेलो, उद्या पायरीपर्यंत जायचंय.

पक्ष्याला बाहेर नेणाऱ्यांनो, मला ओढून बघा, माझी शिवण बघा, आभाळ बघा. पण मला धरणारा हात थकला असेल, तर दार उघडायच्या आधी तेवढं बोला. उद्याच्या विचारानं मी आत्तापासून घाबरलोय. पेंटरकाकाही घाबरलेत, आणि आज पहिल्यांदा त्यांनी ते सुनेला सांगितलं.