कुंजम्माचा बहिरा कान

रेमणीच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावर सावकाश घासत होता, पिठाची बारीक गोळी वळावी तसा. हात मांडीवर निवांत असला की ही थरथर दिसते. तोच हात काही घ्यायला पुढे झाला की थांबते. म्हणून टिजोने चहाचा ग्लास पुढे केला तेव्हा रेमणीने अंगठा थांबवला, ग्लास घेऊन बाजूला ठेवला, हात मांडीवर परत आणला, आणि तो जरा स्थिरावल्यावरच पुन्हा गोळी वळायला सुरुवात केली. टिजोच्या हे लक्षात आलं नाही. तो हातातल्या कागदावरून पेन्शनच्या योजना वाचून दाखवत होता.

खरं तर रेमणीला कंप नव्हता आणि ती म्हातारीही नव्हती. पन्नाशी अजून उंबऱ्याबाहेर होती. पण दर जानेवारीत केरळातल्या तोडुपुळाच्या या संस्थेत नवी माणसं भरती झाली की मागची खोली आवरून तिचं म्हातारीचं घर करायचं, केसांना तांदळाची पिठी लावून रेमणीने खाटेवर बसायचं, आणि नव्या माणसांनी एकेक करून तिला भेटायला यायचं, असा रिवाज पडला होता. संस्थेचं कामच ते. मुलं आखातात नाहीतर कॅनडात, आणि घरात म्हातारं माणूस एकटं. त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं, औषधपाणी बघायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं.

खाटेवरच्या म्हातारीचं एक दुखणं दरवर्षी लपवलेलं असे. ते फक्त रेमणीला आणि संचालिका फिलोमिना टीचरना ठाऊक. नव्यांनी ते बोलता बोलता काढून घ्यायचं. सल्ला द्यायचा नाही, वचन द्यायचं नाही, आणि टीचरनी टाळी वाजवेपर्यंत म्हातारीने म्हातारीच राहायचं. यंदाच्या म्हातारीचं नाव कुंजम्मा. मुलगा मस्कतला बोलावतोय, ही गाईचं निमित्त काढून जात नाही. खरं कारण हे, की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि परमुलखात ते उघडं पडेल याची तिला धास्ती आहे.

पहिल्या पाळीचा टिजो नेमका डाव्या बाजूला बसला होता.

“मग भरायचा ना फॉर्म, अम्मच्ची?” त्याने विचारलं.

कुंजम्मा भिंतीकडे बघत राहिली.

“अम्मच्ची, भरू या का?”

“गाईला पाणी दाखवलं का कुणी?” कुंजम्मा म्हणाली.

टिजोने कागदावर काहीतरी टिपून घेतलं आणि जड चेहऱ्याने वर पाहिलं. “टीचर, विस्मरण फार पुढे गेलंय.”

मागच्या बाकावरून हसू फुटलं. टीचरनी टाळी वाजवली. “ये बाबा, बस. आता अन्सिया.”

अन्सिया नर्सिंग शिकलेली. तिने आल्याआल्या रक्तदाब घेतला, नाडी घेतली आणि योगायोगाने उजव्या बाजूला बसली. कुंजम्मा खुलली. लिंबाच्या लोणच्यावरून गोष्ट निघाली. अन्सियाची आजी त्यात खजूर घालते, हे कुंजम्माला मुळीच पटेना. खजुराचा वाद इतका रंगला की मस्कतचा विषय शेवटी शेवटी कसाबसा निघाला.

“अहो, मग जा की,” अन्सिया म्हणाली. “माझे मामा मस्कतलाच आहेत. मी सांगते त्यांना, विमानतळावर घ्यायला येतील.”

टीचरनी कपाळाला हात लावला. “एका वाक्यात सल्ला पण आणि वचन पण. शाब्बास, मुली.”

“पण मामा खरंच येतील, टीचर,” अन्सिया म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

दोन पाळ्यांच्या मधे टीचर उशी सारखी करायचं निमित्त काढून खाटेजवळ आल्या आणि रेमणीच्या डाव्या कानाशी वाकल्या. “चारला एर्नाकुळमहून फोन येणार. आज शेवटचं विचारतायत. काय सांगू?”

“त्या बाजूनं कुंजम्माला ऐकू येत नाही, टीचर.”

“सोंग पुरे कर. तू नाही म्हणालीस तर ते प्रशिक्षण त्या बेंगळुरूच्या कंपनीला देतील. भिंतीवर चित्रफीत लावून म्हातारी माणसं कशी सांभाळायची ते शिकवतील. हो तर हो म्हण, नाही तर नाही. माझे केस पिकवू नकोस. मला पिठी लागत नाही आधीच.”

“ही पाळी होऊ दे,” रेमणी म्हणाली.

हेच ती ओणमपासून म्हणत होती. एर्नाकुळमच्या मुख्य कार्यालयाला तिथे नव्या माणसांना घडवणारं कुणीतरी हवं होतं, आणि त्यांनी रेमणीचं नाव घेतलं होतं. आधी तिने ओणम होऊ दे म्हटलं, मग मंगळुरूला शिकणाऱ्या मुलीची परीक्षा, मग नाताळ. नवऱ्याचं, ससीचं, शिवणकामाचं दुकान. तो म्हणे, यंत्र काय, एर्नाकुळमलाही चालतं. सगळी निमित्तं सरल्यावर एक उरलं होतं, आणि ते कुणाला खोडता येत नव्हतं: तिच्या फेरीतली म्हातारी माणसं. त्यातही दिवाकरन माश. निवृत्त शिक्षक, एकटे, तोंडाने तिखट. रेमणीने वाढल्याशिवाय ते जेवत नाहीत, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

तिसरी पाळी सुगतनची. हा गडी नव्यांतला सगळ्यांत जुना. मूलमट्टमच्या बसवर कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढली, निवृत्त झाला, आणि घरी बसून बायकोच्या कामात चुका काढू लागला म्हणून बायकोनेच त्याला इथे आणून सोडला. जमिनीवर खडूने ओढलेल्या रेषेला बाकी दोघांनी उंबरा मानलंच नव्हतं. सुगतनने रेषेबाहेर चपला काढल्या.

“येऊ का आत?”

“या. बसा. चहा नाही, गाय आटली आहे,” कुंजम्मा म्हणाली.

“मी कट्टन चहा पितो, दूध लागत नाही.” तो स्टूल ओढून समोर बसला. मग त्याने विचारलं, “अम्मच्ची कुठल्या स्टॉपला उतरायच्या?”

बाकावर कुजबुज झाली. हा प्रश्न शिकवलेल्या यादीत नव्हता. पण या भागात दोन अनोळखी माणसं भेटली की तुमचं घर कुठलं, आईचं माहेर कुठलं, अमक्याचे तुम्ही कोण, हे झाल्याशिवाय गाडी हलत नाही. सुगतन घराऐवजी स्टॉप विचारायचा, इतकंच. रेमणीने पूर्वतयारीत कुंजम्माला गाय दिली होती, मुलगा दिला होता, गाव द्यायचं राहून गेलं होतं. जे तोंडात आलं ते तिने सांगितलं.

“कांजार.”

“कांजारला पुलाचा स्टॉप की चर्चचा?”

“पुलाचा.”

सुगतन विचारात पडला. “पुलाशी दोन घरं. एक रेशनवाल्याचं. ते नव्हे, त्याची आई माझ्याच गाडीनं दवाखान्यात जायची. दुसरं घर…” तो थांबला. “दुसरं घर रेमणी चेच्चींच्या माहेरचं.”

खोलीत हशा उसळला. टिजो बाकावरून घसरायचा राहिला. रेमणीने टीचरकडे पाहिलं. त्यांनी टाळी वाजवली असती तर सुटका होती. टीचर हाताची घडी घालून उभ्या होत्या. नियम रेमणीनेच केलेला: म्हातारीने म्हातारीच राहायचं.

“त्याच घरातली मी,” कुंजम्मा म्हणाली. “त्या पोरीची आत्या.”

“असं होय.” सुगतनला फार बरं वाटलेलं दिसलं. धागा सापडला होता. “मग घरचंच माणूस निघालात. काय हो, तुमची भाची एर्नाकुळमला जाणार म्हणतात ना?”

हसू थांबलं. ही गोष्ट संस्थेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्या तोंडावर कुणी काढली नव्हती. सुगतन मात्र साध्या चेहऱ्याने बसला होता. आत्याला भाचीची चौकशी करतात तसा.

“तिचं काय सांगू,” कुंजम्मा म्हणाली. “ती कुठली जाते. तिचीही गाय आहे.”

“त्यांनी गाय पाळलीय?”

“गाय नाही हो. माश. दिवाकरन माश.”

“हां, ते. चेच्चींशिवाय जेवत नाहीत म्हणे.”

कुंजम्माने हो म्हणायचं होतं. रेमणीने गेले चार महिने तेच म्हटलं होतं. पण पिठी लावलेल्या केसांखाली आणि नेसलेल्या त्या पांढऱ्या मुंडूत बसून दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं इतकं सोपं होतं, की उत्तर आपोआप बाहेर आलं.

“जेवतात,” ती म्हणाली.

सुगतनने स्टूल जरा पुढे ओढलं.

“नोव्हेंबरात ती तापानं पडली होती ना, तेव्हा संस्थेतली लिसी जायची त्यांच्याकडे. ही बरी होऊन परत गेली, तर माश म्हणतात कसे, लिसी मिरची बेतानं घालते, तिलाच येऊ दे की.”

अन्सियाने तोंडावर ओढणी धरली. रेमणीलाही हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. कुंजम्मा हसली तर काय बिघडतं.

“वाईट वाटलं असेल पोरीला,” सुगतन म्हणाला.

“वाटायचं काय त्यात.” तिने पदराने ओठ टिपले. “घरी आली आणि नारळ खवत बसली. एक लागत होता, खवले तीन. ससीनं विचारलं, पाहुणे यायचेत का. ती सगळ्यांना सांगते, म्हातारी माणसं माझ्यावाचून अडतील. नाही अडत ती. लिसी सगळं नीट करते. लिसीला शिकवलं कुणी? हिनंच शिकवलं. आपण इतकं चांगलं शिकवलं हेच तिला सोसवेना.”

डाव्या कानाचा आता कुणी विचारही करत नव्हतं, रेमणीसुद्धा.

“आमच्या गाडीला रोज अशी माणसं भेटायची,” सुगतन म्हणाला. “एक पाय फूटबोर्डवर, एक रस्त्यावर. त्यांना वाटतं, आपण अजून काही ठरवलेलं नाही. पण मागं रांग लागलेली असते, ड्रायव्हर माझ्या नावानं ओरडत असतो.”

“हा सल्ला झाला, सुगतन,” मागून टीचर म्हणाल्या.

“सल्ला नाही, टीचर. तक्रार आहे.”

“तुम्ही काय करायचात अशा माणसाचं?” रेमणीने विचारलं. आवाज तिचा की कुंजम्माचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“ओरडायचो पहिली काही वर्षं. मग कळलं, ओरडलं की माणूस आणखी घट्ट दांडा धरतं. नंतर नुसतं विचारायचो, कुठं जायचंय? बहुतेकांना ते ठाऊक असायचं.” तो पुढे वाकला. “कुठं जायचंय, अम्मच्ची?”

बाहेर कार्यालयात फोन वाजू लागला. टीचर दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि या पाळीत प्रथमच त्यांनी टाळी वाजवली. हळूच, एकदा.

रेमणी खाटेवरून उठली. तांदळाची पिठी तिच्या खांद्यावर झरली. टिजो तिच्याकडे बघत होता. उद्या तो खऱ्या घरी जाऊन बसणार, आणि कुठल्या बाजूला बसायचं ते अजून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फोन वाजतच होता.

“बोल, बाई,” टीचर म्हणाल्या. “आणि आत्याबाईंकडून निरोप नको. तुझं तू सांग.”

“सांगा त्यांना,” रेमणी म्हणाली, “मी एर्नाकुळमला येते.”